साकी-दिंडीपासून 'काझाब्लान'पर्यंत

परवा आमची धाकटी नात शाळेतून आली ती गातच. त्यांच्या शाळेत वर्षअखेरीस 'काझाब्लान' बसवीत आहेत आणि तिला वस्तीतल्या शेजाऱ्यांच्या घोळक्यात उभे राहून गायचे काम मिळाले आहे. दप्तर टाकता टाकता तिने हिब्रूत विचारले, "आजी, तुमच्या इंडियात महाझेमेर होते का?" 'आजी' हा तिच्या बोलण्यातला एकुलता एक मराठी शब्द. आम्हांला हसू आले. 'महाझे' म्हणजे नाटक आणि 'झेमेर' म्हणजे गाणे. दोन्ही जोडून हिब्रूने जो शब्द बनवला तो म्हणजे आपले 'संगीत नाटक'च की! आम्ही तिला म्हटले, "अगं, आमच्या लहानपणी नाटक म्हटले की गाणी आलीच. गाणी नसतील तर लोक विचारायचे, का नाहीत म्हणून."

ती खेळायला निघून गेली, पण तिचा प्रश्न काही आमच्या डोक्यातून जाईना. आपल्या बेने इस्राएल घरांतून गाण्याचे, आणि त्यातही गोष्ट सांगणाऱ्या गाण्याचे, एवढे वेड आले कोठून? लग्नात, मेंदीच्या रात्री, मालिद्याला, इतकेच काय स्वयंपाक करताना आणि बाळाला न्हाऊ घालतानाही आपल्या बायकांच्या तोंडी पद असायचे. ही नुसती हौस नव्हती, तिला इतिहास आहे. तो आपल्या मुलानातवंडांना ठाऊक नाही आणि आपल्यातल्याही पुष्कळांना अर्धामुर्धाच ठाऊक आहे. म्हणून जेवढे खात्रीने सांगता येईल तेवढे येथे लिहीत आहोत.

मराठी संगीत नाटकाची जन्मतारीख सर्वांच्या परिचयाची आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. त्या रात्री चारच अंक झाले. त्यापूर्वी मराठीत नाटक नव्हते असे नाही. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले होते व त्यातही गाणी होती. पण ती गायची सूत्रधाराने. पात्रे नाचणार, लढणार, दोन शब्द बोलणार, आणि कडेला उभा राहून सूत्रधार सगळ्यांच्या वतीने गाणार. अण्णासाहेबांनी ज्याचे सुखदुःख त्याच्याच तोंडी त्याचे गाणे दिले. शकुंतलेने आपले पद आपण म्हणायचे, दुष्यंताने आपले. पारशी कंपनीची 'इंद्रसभा' पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. १८८२ साली त्यांचे 'सौभद्र' आले. नंतर भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व अशी गायक नटांची मालिकाच महाराष्ट्राला लाभली. १९११ साली 'मानापमान', १९१६ साली 'स्वयंवर', १९१९ साली 'एकच प्याला'. ही नावे मराठी माणसाला देवळाच्या पायऱ्यांसारखी पाठ असत, आणि आपल्याही वाडवडिलांना होती.

आता आपल्या समाजाकडे वळू. त्याच सुमारास, म्हणजे १८८०च्याच आसपास, मुंबईत आपल्या काही मंडळींनी हिंदू कीर्तन ऐकले आणि त्यांच्या मनात आले, हीच रीत घेऊन आपल्या पवित्र शास्त्रातल्या कथा का सांगू नयेत? बेन्यामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले प्रमुख. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले आणि योसेफ, मोशे, एस्तेर, एलियाहू यांची आख्याने मराठीत रचली जाऊ लागली. ती छापलीही गेली. पुण्यात शकुंतला गाऊ लागली आणि मुंबईत योसेफ गाऊ लागला, तेही एकाच काळात! हा निव्वळ योगायोग नव्हे. दोघांचे घराणे एकच. किर्लोस्करांच्या नाटकात साक्या आहेत, दिंड्या आहेत. आमच्या कीर्तनातही साक्या आहेत, दिंड्या आहेत. दोघांनी त्या घेतल्या त्या हरिदासांच्या कथेतून, पंतांच्या व संतांच्या मराठीतून.

साकी आणि दिंडी म्हणजे काय हे नव्या पिढीसाठी सांगायला हवे. साकीच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा. सोळांवर थांबायचे आणि बारांवर ओळ पुरी करायची. दिंडीच्या ओळीत एकोणीस. नऊ आणि दहा असे तिचे दोन तुकडे. साकीवर कथा भराभर पुढे जाते, दिंडीवर मन जरा रेंगाळते. योसेफाचे भाऊ धान्य घ्यायला मिसरात आले हे साकीत सांगायचे, आणि योसेफाने त्यांना ओळखूनही ओळख दिली नाही, आत जाऊन रडला, ते दिंडीत. लिहायला-वाचायला न येणाऱ्या बाईलाही हा फरक कानाने कळत असे.

त्या काळी कीर्तनाची गरज का पडली हेही लक्षात घेतले पाहिजे. मशिदीत प्रार्थना हिब्रूत होत. पुरुषांना त्या पाठ असत, पण अर्थ थोड्यांनाच कळे. बायकांना तर हिब्रू शिकवायची पद्धतच नव्हती. शास्त्राची मराठी भाषांतरे मिशनऱ्यांनी केलेली, आणि त्यांचा हेतू काय हे आपले लोक ओळखून होते. योसेफ यहेज्केल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा निघाली. पण शाळा मुलांसाठी आणि पुस्तक वाचणाऱ्यासाठी. चुलीपुढच्या आजीचे काय? तिच्यासाठी कीर्तन होते. रात्री मशिदीच्या अंगणात किंवा कोणाच्या घरापुढे मांडव पडे, कीर्तनकार उभे राहत, मागे पेटी आणि तबला, आणि चार तासांत आब्राहामापासून मोशेपर्यंत सगळे पूर्वज मराठी बोलू लागत. आपण कोण, कोणाचे वंशज, कोणत्या संकटातून आलो, हे आपल्या बायकांना पुस्तकाने शिकवले नाही. गाण्याने शिकवले.

आमच्या आजीचे उदाहरण सांगतो. तिला सही करता येत नव्हती. कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यात ती वाढली. घरात तेलाचा घाणा होता, शनिवारी तो बंद, म्हणून गावात 'शनवार तेली' हीच ओळख. लग्न होऊन ती मुंबईला डोंगरीत आली. होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमाला, एस्तेर राणीचे आख्यान ऐकायला ती जाई आणि घरी येऊन सबंध आठवडा तेच म्हणत बसे. वाल सोलताना एस्तेर, नारळ खवताना मोर्दखाय. हामानाला फाशी दिल्याचा भाग ती नेमका मासे कापताना म्हणायची, आणि आम्ही पोरे खदखदून हसायचो. बिरड्याच्या सणाला मात्र गाणे नसे. त्या दिवशी मंदिर पडल्याचे दुःख, घरात नुसते वाल शिजत.

आणि नाटक? कीर्तन जितके प्रतिष्ठित, तितके नाटक नव्हते. बायका नाटकाला जात त्या नवऱ्याबरोबर, आणि तेही सासूच्या परवानगीने. पण एक सोय होती. नाटक कंपन्यांचा शनिवारचा खेळ रात्री असे, आणि शब्बाथ सुटतो शनिवारी तारे दिसले की. हवदाला आटोपून, दिवा विझवून, मंडळी गिरगावच्या वाटेला लागत. आजोबा गोदीत कामाला होते. पगाराच्या शनिवारी ते पिटातले तिकीट काढीत आणि पहाटे घरी येत. घरी आल्यावर आजीला सबंध नाटक गाऊन दाखवीत. आजीने बालगंधर्वांना रंगभूमीवर कधी पाहिले नाही, पण त्यांची पदे आजोबांच्या घोगऱ्या आवाजात ती शिकली, आणि ती पदे मुळात अशीच असतात अशी तिची पुष्कळ दिवस समजूत होती!

आपण केवळ ऐकणारेच नव्हतो हेही सांगितले पाहिजे. जोसेफ डेव्हिड पेणकर हे आपल्या समाजातले नाटककार. पारशी रंगभूमीसाठी त्यांनी लिहिले. त्यांच्याच नाटकावरून अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट काढला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला. त्यात सात गाणी होती. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही, पण या देशातला बोलपट जन्मला तो गातच, आणि त्याच्या कथेमागे एक पेणकर होता. हिंदी चित्रपटात आजही गाणी असतात तेव्हा आम्हांला पेण गावाची आठवण होते. पुढच्या पिढीत डेव्हिड अब्राहम चेऊलकर झाले. १९५४च्या 'बूट पॉलिश'मधले त्यांचे जॉन चाचा कोण विसरेल? लहान मुलांना घेऊन गाणारा तो म्हातारा पाहताना आमची आई दर वेळी म्हणायची, "आपला आहे हो, चेऊलचा."

बोलपट आले आणि नाटक कंपन्या एकामागून एक मोडल्या. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी भरजरी शालू, अत्तरे, मोठमोठे पडदे यांवर पैसा ओतून कर्जात बुडाली होतीच. तरी संगीत नाटक मेले नाही. ते रेडिओवर जाऊन बसले. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर रेडिओ होता आणि नाट्यसंगीत लागले की त्या घरचे लोक दार उघडे ठेवीत. मुंबई 'ब'वरचे पद ऐकत आम्ही गणिते सोडवली. मग १९६० सालापासून पुन्हा बहर आला. विद्याधर गोखल्यांची 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'सुवर्णतुला', १९६४ साली 'मत्स्यगंधा', आणि १९६७च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली'. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे.

'कट्यार' आम्ही बारा वर्षांचे असताना बाबांबरोबर पाहिले. त्यातली कथा अशी, की पंडितजींचा पराभव होऊन खाँसाहेब राजगायक होतात. पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव मग खाँसाहेबांच्याच घरी वेष पालटून राहतो आणि चोरून विद्या घेतो. आपल्या घराण्याची विद्या बाहेर जाऊ नये हा खाँसाहेबांचा हट्ट. घरी परतताना बाबा म्हणाले, "विद्या लपवली तरी मरते आणि कोणी मागितली नाही तरी मरते." त्या वेळी आम्हांला झोप येत होती. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडणार आहे हे कोणाला ठाऊक होते?

आता इस्रायलकडे येऊ, कारण येथेही एक इतिहास आपल्या आधीच घडून गेला होता. फेब्रुवारी १९६४ मध्ये तेल अवीवला हबीमा नाट्यगृहात गिओरा गोदिक या निर्मात्याने 'माय फेअर लेडी' हिब्रूत आणले. हिब्रू नाव 'ग्विर्ती हनावा'. भाषांतर दान अल्मागोर आणि श्रागा फ्रीडमान यांचे. इस्रायलमधल्या मोठ्या महाझेमेरांची सुरुवात येथून धरतात. गोष्ट मूळ बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकाची. फुले विकणाऱ्या गरीब मुलीला एक भाषापंडित शुद्ध उच्चार शिकवतो आणि तेवढ्यावर जग तिला मोठ्या घरची समजू लागते. याच शॉच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली मराठीत 'ती फुलराणी' केली. म्हणजे ही पोरगी आधी हिब्रू शिकली आणि मग मराठी! आम्ही मात्र उलटे, आधी मराठी आणि मग हिब्रू.

हे गमतीने लिहिले, पण त्याच १९६४ सालाची दुसरी बाजू आपल्या समाजाला विसरता येणार नाही. ज्या वर्षी तेल अवीवचे प्रेक्षक उच्चारावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या जगाला टाळ्या वाजवून हसत होते, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेमला ठाण मांडून बसले होते. लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या वंशाची पिढ्यान् पिढ्या चौकशी करावी असे रब्बी मंडळाचे आदेश १९६२ पासून लागू होते. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतच्या खास बैठकीत बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर झाले आणि त्याच महिनाअखेर आदेशातून आपल्या समाजाचे नाव निघाले. त्या वेळी आम्ही मुंबईत पहिली-दुसरीत होतो. मोठी माणसे वर्तमानपत्र वाचून गप्प बसत एवढेच आठवते. त्या दिवसांत आजी रोज योसेफाचे आख्यान म्हणे. भावांनी ओळखले नाही, त्याची ती गोष्ट.

गोदिकने पुढच्याच वर्षी 'कानार अल हागाग', म्हणजे 'फिडलर ऑन द रूफ', हिब्रूत आणले. मग १९६६ साली 'काझाब्लान'. हे बाहेरून आणलेले नव्हते, येथल्याच मातीतले होते. यिगाल मोसिन्सोनच्या १९५४च्या नाटकावरून ते केलेले, संगीत दोव सेल्त्सरचे, प्रमुख भूमिकेत यहोराम गाओन. याफोच्या पडक्या वस्तीत देशोदेशींहून आलेली माणसे राहतात. मोरोक्कोहून आलेला काझाब्लान हा त्यांच्यातला दांडगा तरुण. वस्तीची वर्गणी चोरीला जाते आणि सगळ्यांचे बोट त्याच्याकडे. चोर निघतो दुसराच. मला मान द्या, एवढेच त्या पोराचे सबंध नाटकभर मागणे. सहाशेहून अधिक प्रयोग झाले, १९७३ साली मेनाहेम गोलान यांनी त्याचा चित्रपट केला. गोदिकचे पुढे बालगंधर्वांसारखेच झाले. मोठमोठे खेळ, मोठमोठी कर्जे. १९७१ साली तो देश सोडून जर्मनीला गेला आणि तेथे फ्रँकफुर्टच्या स्टेशनात सॉसेज विकू लागला. १९७७ साली तो वारला. राजवाड्याचे पडदे रंगवणाऱ्यांच्या नशिबी बहुधा हेच असते, मग ते पुणे असो की तेल अवीव.

आम्ही आलो १९७९ साली. उल्पानमध्ये व्याकरण शिकलो, पण हिब्रू जिभेवर बसली ती गाण्यांनी. 'काझाब्लान'चा चित्रपट आम्ही एका दवाखान्याच्या जेवणघरात टेलिव्हिजनवर पाहिला, रात्रपाळीच्या मैत्रिणींबरोबर. एक मोरोक्कोची, एक रुमानियाची, एक कोचीनची. प्रत्येकीला वाटले की ही वस्ती आपलीच. आमचे उच्चार ऐकून तोवर पुष्कळांनी हसून घेतले होते. आम्हांला 'फुलराणी'ची आठवण होई. पण गाताना आमचा उच्चार कोणी दुरुस्त केला नाही हे खरे.

परिचारिकेच्या कामात पस्तीस वर्षे गेली आणि त्यात एक गोष्ट अशी पाहिली, की जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. अलिबागकडच्या आपल्या एक आजीबाई आमच्या वॉर्डात आल्या. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. डॉक्टर हिब्रूत विचारीत, त्या नुसत्या बघत. आम्ही मराठीत विचारले तेव्हा डोळ्यांत ओळख आली, पण शब्द नाही. पाणी हवे की नको हेही सांगता येईना. एका शुक्रवारी संध्याकाळी, वॉर्डात मेणबत्त्या लावण्याची वेळ, त्या स्वतःशी काही गुणगुणू लागल्या. चाल ओळखीची वाटली. आमच्या आजीची एस्तेरची साकी. आम्ही शेजारी बसून पहिली ओळ धरली आणि दुसरी ओळ त्या म्हणाल्या! अक्षर न् अक्षर स्वच्छ. सबंध साकी पुरी केली आणि मग रडू लागल्या. त्यांची सून धावत आली, तिला वाटले वाचा परत आली.

वाचा परत आली नव्हती. याचे शास्त्र आहे. बोलण्याचे केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. गाण्यासाठी मात्र उजव्या बाजूचीही मोठी मदत होते. म्हणून डाव्या बाजूला इजा झालेला माणूस बोलू शकला नाही तरी गाऊ शकतो, आणि चालीत गुंफलेले शब्द सुखरूप राहतात. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी याच आधारावर, सुरात बोलायला शिकवून वाचा सुधारण्याची उपचारपद्धती काढली. आमच्या वॉर्डातल्या वाचातज्ज्ञ बाईंनी ती वापरली. 'पाणी द्या' हे आम्ही साकीच्या चालीवर बसवले, हाताने मांडीवर ताल धरायला लावला, आणि तीन आठवड्यांत आजीबाई तहान लागली की गाऊन पाणी मागू लागल्या. फार पुढे मजल गेली नाही. पण पाणी मागता आले. अष्टमकरांनी मुंबईत कीर्तन उभे केले त्याला तोवर शंभरावर वर्षे झाली होती, आणि त्यातली एक चाल नेगेवच्या रुग्णालयात एका म्हातारीच्या कामी आली.

त्या रात्री घरी आल्यावर आम्हांला बाबांच्या वहीची आठवण झाली. पदांची वही म्हणून ती आमच्या घरी प्रसिद्ध होती. आजोबांनी सुरू केलेली, बाबांनी पुरी केलेली. अर्ध्या भागात नाटकांची पदे आणि उलट बाजूने आख्याने, योसेफाचे सबंध, एस्तेरचे सबंध, कोठे कोणती चाल ते तांबड्या शाईने. १९७९ साली निघताना माणशी वीस किलो सामान न्यायचे होते. कपडे, स्टीलची भांडी, पाटा नको म्हणून मिक्सर, पापड, मसाला. वही जाड होती, पुठ्ठा निघालेला. आम्हीच म्हणालो, राहू दे, शेजारी ठेवू, पुढच्या खेपेला आणू. पुढची खेप अकरा वर्षांनी झाली. तोवर शेजारी गेले होते आणि चाळही पाडली होती. दोष कोणाचाच नाही, आमचाच. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पण नंतर त्यांनी योसेफाचे आख्यान आठवून लिहायचा प्रयत्न केला आणि खड्ड्यात टाकल्यापासून पोटीफराच्या घरापर्यंत लिहून थांबले. पुढचे आठवेना. आज आम्हांला योसेफ रडतो त्या दिंडीची चाल पुरी येते. शब्द अडीच ओळींचे येतात.

पुष्कळ घरांत असेच झाले असेल. काहींनी आणलेल्या वह्या येथे टाकूनही दिल्या. येथे आल्यावर आपल्याला वाटू लागले, की ही साकी-दिंडी म्हणजे हिंदूंचे काहीतरी, येथे म्हटले तर लोक काय म्हणतील? आधीच आपल्या यहुदीपणाची परीक्षा झालेली, त्यात ही भर कशाला? ती भीती आम्ही समजू शकतो, आम्हीही ती बाळगली. पण इतिहास पाहिला तर दिसते, की आपल्या पूर्वजांनी त्या चालीत दुसऱ्या कोणाचा देव गायला नाही. आपलाच एक देव, आपलेच पूर्वज, आपलेच शास्त्र गायले. येमेनच्या लोकांनी आपली प्रार्थना येमेनच्या सुरात गायली, मोरोक्कोच्या लोकांनी मोरोक्कोच्या, पोलंडच्या लोकांनी पोलंडच्या. आपण मराठी सुरात गायली. यात लाजण्यासारखे काय आहे?

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल, तर येत्या मालिद्याला किंवा शब्बाथ सुटल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि गायला सांगा. "आठवत नाही" म्हणतील. विचारू नका, गुणगुणायला लावा. चाल लागली की शब्द येतात, हे आम्ही वॉर्डात पाहिले आहे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन असतो. शब्द देवनागरीत लिहा आणि खाली हिब्रू अक्षरांतही, म्हणजे नातवंडांना वाचता येईल. कोणाकडून ऐकले, कोणत्या गावचे, कोणत्या सणाला म्हणत, हे लिहायला विसरू नका. जुनी वही किंवा छापील आख्यान सापडले तर पाने सुटी करू नका, फोटो काढा. यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ध्वनिसंग्रह आहे, तेथे असे मुद्रण जपून ठेवतात. आणि कोणाकडे योसेफाचे आख्यान पोटीफराच्या घरापुढचे असेल, तर आम्हांला जरूर कळवावे. आमची एवढी दिंडी अडली आहे.

नातीला आम्ही त्या अडीच ओळी शिकवायला घेतल्या आहेत. अर्थ तिला हिब्रूत सांगितला. योसेफाची गोष्ट तिला शाळेतून ठाऊक होतीच. नऊ मात्रा, दम, मग दहा, असे ती टाळी देऊन मोजते. 'ळ' तिला म्हणता येत नाही, आम्ही दुरुस्त करीत नाही. काल विचारीत होती, "आजी, पुढे काय?" आम्ही सांगितले, "पुढचे शोधतो आहोत."